दर पंधरवड्याला एक

माणसाचं पोट सुटलं की तो सैल सदरा घालतो आणि मोकळा होतो. लॅपटॉपला ती सोय नाही. तो पातळ हवा, गेल्या वर्षीपेक्षा पातळ, वहीच्या जोडीला पिशवीत सरकवता येईल इतका पातळ. तैपेईत बादे रस्त्यावरच्या बाजाराच्या तळघरात मी सव्वीस वर्षं चार्जर आणि केबली विकते. लॅपटॉप पाटासारखे जाड होते तेव्हापासून बघत आले आहे. ते जसजसे बारीक होत गेले तसतसे त्यांच्यापायी रडणारे लोक वाढत गेले, आणि हे लोक माझ्या गाळ्यावरून पुढे शेजारच्या गाळ्यात जायचे, वेंग साईहूंकडे. हातात कसब असलेल्या जाणत्या माणसाला आमच्याकडे साईहू म्हणतात. सुताराला म्हणतात, गवंड्याला म्हणतात. तळघरात दुरुस्तीवाले अकरा आहेत, पण नुसतं साईहू म्हटलं तर लोक वेंगांच्याच गाळ्याकडे बोट दाखवतात.

गंमत अशी की ज्या बारीकपणापायी लोक रडायचे, तो आणण्यात साईहूंचाही हात होता. ताओयुआनजवळच्या लॅपटॉपच्या एका कारखान्यात त्यांनी एकोणीस वर्षं काढली. दरवर्षी वरून हुकूम यायचा, अर्धा मिलिमीटर कमी करा. मग यांची टोळी बसायची. स्क्रू आखूड करायचे, बॅटरीचं कवच काढून तिला नुसती गोंदाने चिकटवायची, आतले पट्टे कागदासारखे करायचे. जमलं की साहेब सगळ्यांना मासे खायला न्यायचे.

"बावीस स्क्रूंचे नऊ केले आम्ही," असं त्यांनी मला एकदा मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

"आणि आता त्या नऊंच्याच पाया पडता," मी म्हटलं.

"पेरलं ते उगवलं, मालकीणबाई."

गाळ्यात बसणाऱ्या बाईला बाजारात सगळे मालकीणबाईच म्हणतात, मग गाळा भाड्याचा का असेना. माझं नाव पाओजू. ते साईहूंना माहीत होतं, पण त्यांनी कधी घेतलं नाही.

लोकांना वाटतं, लॅपटॉपची साठवण वाढवणं म्हणजे लहान रांजण काढून मोठा ठेवणं. साठवण असते एका पट्टीत, च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या. जुनी काढायची, मोठी घालायची, झालं. असा विचार करून परवा परवापर्यंत लोक हसत हसत साईहूंकडे यायचे. एक मुलगी मला आठवते, चित्रकलेच्या कॉलेजातली, चकचकीत पातळ लॅपटॉप घेऊन आलेली.

"आत काय आहे?" साईहूंनी विचारलं.

"सगळंच."

"सगळं म्हणजे?"

"चार वर्षांचं काम, साईहू."

"त्याची दुसरी प्रत?"

मुलीने लॅपटॉप छातीशी धरला. साईहूंनी सुस्कारा सोडला आणि दिवसातून चार वेळा म्हणायचा तो पाठ सुरू केला. "आता नीट ऐक. बॅटरी आत चिकटवलेली आहे. उचलताना वाकली तर पेट घेईल. पडद्याला जाणारा पट्टा केसाएवढा, तो फाटला तर पडदा काळा. स्क्रू तीन लांबींचे. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर खालचा बोर्ड फोडतो. काही कंपन्या साठवण बोर्डालाच डाग देऊन कायमची बसवतात. तसं निघालं तर मी झाकण लावून परत देईन, पैसे घेणार नाही. एवढं ऐकून उघडू?"

"उघडा," मुलगी म्हणाली, पण तोंड आंबट झालेलं.

"मग बस समोर. जाऊ नकोस कुठे."

ही त्यांची रीत. बाकीचे दुरुस्तीवाले यंत्र घेतात, पडद्यामागे जातात, तासाने घेऊन येतात, आणि आत काय चाललं ते देव जाणे. साईहू गिऱ्हाइकाला टेबलापलीकडे स्टुलावर बसवायचे आणि त्याच्या डोळ्यांसमोर सगळं करायचे. एका कागदावर लॅपटॉपच्या पोटाची आकृती काढायची आणि जो स्क्रू जिथून निघाला तो आकृतीत तिथेच ठेवायचा. नक्कल उतरवायचा डबासुद्धा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला. त्या डब्याला दोन खाचा होत्या. डाव्या खाचेत जुनी भरलेली पट्टी घालायची, उजव्या खाचेत नवी कोरी. बटण दाबलं की डावीकडचं सगळं उजवीकडे उतरायचं आणि चार हिरवे दिवे एकामागून एक लागायचे. गिऱ्हाइकाला ते दिवे दिसायला हवेत, म्हणून डब्याचं तोंड तिकडे. साईहू मागच्या बाजूने हात पुढे करून पट्ट्या बसवायचे, त्यामुळे गिऱ्हाइकाची डावी ती त्यांची उजवी. जुनी पट्टी उजव्या हाताने, नवी डाव्या हाताने, अशी नऊ वर्षं. हल्ली बाजारात मिळणारे डबे शहाणे असतात. त्यात मोठी पट्टी लहान पट्टीवर उतरवायला गेलं की लाल दिवा लावून हटून बसतात. साईहूंचा डबा कारखान्यातला होता, कारखाना इथून उठला तेव्हा भंगारातून उचललेला. सांगितलं तेवढं मुकाट्याने करणारा.

आता त्यांच्या बायकोबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे.

साईहूंनी माझ्या शेजारी गाळा घेतला तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की हा माणूस दुपारी जेवताना बायकोशी बोलत बसतो. आमच्या मधली भिंत म्हणजे नुसता पातळ पत्रा. बाईचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा. कारली महागली, वरच्या मजल्यावरच्या बाईने पुन्हा गॅलरीत पाणी सांडलं, गुडघा दुखतोय पण डॉक्टरकडे जाणार नाही. बाई बोलत राहायची आणि हे नुसते जेवायचे. हं नाही की हूं नाही. मला रागच आला. नवऱ्यांना बायकोशी चार शब्द बोलायला काय होतं, असं मनात म्हणत मी एक दिवस डोकावले.

"बायको फार बोलते हो तुमची," मी म्हटलं.

"हो," साईहू म्हणाले. "फार बोलायची."

त्या एका शब्दाने मी माझ्या गाळ्यात परतले. मग हळूहळू कळत गेलं, कारण एका वेळी दोन वाक्यांपेक्षा जास्त ते बोलतच नसत. कारखान्याचा मोठा भाग चीनमध्ये खुनशानला गेला तेव्हा यांना तिकडे पाठवलं. बायको, सूझेन, इथे सानछोंगच्या घरात एकटी. मूलबाळ नाही. यांची रात्रपाळी, हे उठायचे तेव्हा ती झोपलेली. वसतिगृहातून फोन नीट लागायचा नाही. मग यांनी कारखान्यातून कामगारांना स्वस्तात मिळणारा एक पातळ लॅपटॉप तिला आणून दिला आणि म्हणाले, सांगायचं ते कॅमेऱ्यासमोर बसून बोलून ठेव, मी सुट्टीला आलो की बघेन. तिने खरंच तसं केलं. तीन वर्षं, दोन-तीन दिवसांनी एक. हे नववर्षाला पाच दिवस यायचे आणि पाचही दिवस झोपून काढायचे. ती विचारायची, बघितलंस का? हे म्हणायचे, बघतो. चौथ्या वर्षी ती स्वयंपाकघरात पडली आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत सगळं आटपलं होतं. ती जिवंत असताना यांनी तिचा एकही व्हिडिओ पाहिला नव्हता.

"एकही नाही?" मी विचारलं.

"एकही नाही, मालकीणबाई."

व्हिडिओ होते चारशे तीस. एकदम बघायचे नाहीत असं साईहूंनी ठरवलं. जुन्या पंचांगाप्रमाणे महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला आम्ही घरी देवापुढे फळं ठेवतो. त्या दिवशी एक नवा व्हिडिओ. बाकीचे दिवस आधी पाहिलेलेच. दर पंधरवड्याला एक म्हणजे वर्षाला चोवीस. नऊ वर्षांत दोनशे सोळा पाहून झाले होते, दोनशे चौदा उरले होते.

"अजून नऊ वर्षं जातील," साईहू म्हणायचे. "मी बहात्तरचा होईन. तेवढं पुरे."

मी चिडवायचे. "कंजूस कुठले. रोज एक बघा की. बायकोचं बोलणं का कोणी रेशनवर घेतं?"

"संपल्यावर काय करू?" ते म्हणायचे.

पत्र्यापलीकडून ऐकून ऐकून सूझेन माझीही झाली होती. तिचा चेहरा मी एकदाच पाहिला, तोही तिच्या एका व्हिडिओत खिडकीच्या नव्या पडद्यांचा रंग कसा आहे हे सांगायला साईहूंनी मला बोलावलं म्हणून. गोल चेहऱ्याची, ठेंगणी, नवऱ्याला म्हाताऱ्या म्हणणारी बाई. "म्हाताऱ्या, तू हे बघणार नाहीस, मला माहीत आहे," ती एकात म्हणते. "तरी सांगते. मी कोणाला सांगू मग?" एकात ती बोलता बोलता थांबते, कारण खालून कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू येतं. आमच्याकडे गाणं वाजलं की पिशवी घेऊन धावावं लागतं, गाडी थांबत नाही. ती कॅमेरा चालू ठेवूनच पळते. पुढे आठ मिनिटं नुसती खुर्ची. साईहू ती आठ मिनिटं पुढे ढकलत नसत. जेवायच्या काड्या हातात धरून खुर्चीकडे बघत बसायचे.

आणि मी पत्र्याअलीकडे. खोटं कशाला सांगू, मला साईहू आवडायला लागले होते. माझा नवरा मला सोडून दक्षिणेला गेला त्याला बावीस वर्षं झाली आणि मला त्याची आठवणही येत नाही. साठीला टेकलेल्या बाईने प्रेम वगैरे शब्द वापरू नयेत, लोक हसतात. पण कोणी माझं कारल्याचं बोलणं असं दोनदा, दहादा ऐकलं असतं तर मला काय वाटलं असतं, हा विचार मी पुष्कळ दुपारी केला. मेलेल्या बाईचा हेवा करणं बरं नाही. मी केला.

या वर्षी वसंतात, तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तिथीला, पत्र्यापलीकडे सूझेनचा आवाज अर्ध्या शब्दावर अडकला. मी डोकावले. पडद्यावर तिचं तोंड उघडंच राहिलेलं. साईहू हात बांधून वाट बघत होते. लॅपटॉप बंद करून चालू केला तेव्हा व्हिडिओ पुढे सरकला, पण पुढच्या वेळी पुन्हा तेच.

"काय झालंय?" मी विचारलं.

"पट्टी गळ्यापर्यंत भरली आहे. यंत्राला श्वास घ्यायला जागा नाही. शिवाय जुनी झाली. कधीही जाईल."

"लोकांना दिवसातून चार वेळा सांगता, दुसरी प्रत ठेवा. दिव्याखालीच अंधार."

"प्रत काढायला गेलो ना," साईहू चिडून म्हणाले. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदाच पाहिलं. "दहा मिनिटं कॉपी होतं आणि अडकतं, झालेलंही उघडत नाही. पाच वेळा केलं. आता पट्टीच बाहेर काढायची आणि डब्यावर नक्कल उतरवून मोठी पट्टी घालायची, दुसरा मार्ग नाही."

"मग काढा की. रोज काढता."

त्यांनी मग लॅपटॉप उलटा करून मला दाखवला. खालचं झाकण मधोमध किंचित वर आलं होतं, बोट फिरवलं की कळायचं. "बॅटरी फुगली आहे. पट्टी तिच्याखाली आहे. आधी बॅटरी सोडवायला हवी." मग म्हणाले, "हा गोंद आमच्याच टोळीने निवडला होता. न सुटणारा."

त्यानंतर दोन महिने गेले. साईहू लोकांचे लॅपटॉप उघडत होते आणि स्वतःच्याला हात लावत नव्हते. सूझेन दिवसाआड अडकायची. मोठी पट्टी त्यांनी आणून ठेवली होती. या लॅपटॉपला नेहमीची लांब पट्टी बसत नाही, आखूड लागते, ती मिळवायला त्यांनी सगळं तळघर पालथं घातलं होतं. आणली आणि खणात ठेवून दिली. गिऱ्हाइकांना म्हणायचा तो पाठ ते आता स्वतःशी म्हणतात की काय, अशी मला शंका यायची.

शेवटी मी म्हटलं, "साईहू, ती जाईल आणि तुम्ही खण बघत बसाल. उद्या करा. मी सूप आणते."

दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, त्यांनी गाळ्यावर दोरी लावली आणि दिवा जवळ ओढला. मी माझा गाळा उघडा टाकून त्यांच्याकडे गेले. चोरांनी दोन केबली नेल्या तर नेल्या.

कागदावर आकृती काढून झाली. नऊ स्क्रू आपापल्या जागी गेले. प्लास्टिकची त्रिकोणी टिकली कडेने फिरवत त्यांनी झाकण सोडवलं, एक एक चाप टक टक करत सुटला. आत बॅटरी उशीसारखी फुगलेली. त्यांनी गरम हवेने गोंद हलका केला, मग दात कोरायचा मेणाचा दोरा तिच्याखाली घालून दोन्ही हातांनी करवतीसारखा ओढायला लागले, अगदी हळू, एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढा. त्यांच्या कपाळावरचा घाम मी दोनदा टिपला आणि त्यांना ते कळलंही नाही. बॅटरी न वाकता बाहेर आली तेव्हा त्यांनी ती वाळूच्या डब्यात ठेवली. केसाएवढा पट्टा शाबूत होता. पट्टीचा स्क्रू निघाला, आणि सूझेनचे चारशे तीस व्हिडिओ त्यांच्या तळहातावर आले. मग ती तशीच धरून बसले, डब्याकडे हात नेईनात.

"झालं हो झालं," मी म्हटलं. "आता राहिलं काय? डब्यात घालायचं आणि बटण दाबायचं. आज तुम्ही गिऱ्हाईक. या इकडे, बसा स्टुलावर, दिवे बघा. मी सूप वाढते."

"गिऱ्हाईक?" साईहू हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले. "मग पैसे तुम्हाला द्यायचे?"

"द्या की. घासाघीस चालणार नाही."

ते टेबलाला वळसा घालून आले, स्टुलावर बसले. दोन्ही पट्ट्या त्यांच्या हातात होत्या. डब्यात घातल्या, बटण दाबलं. मी मागच्या बाजूला, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले आणि अननस-कारल्याचं सूप वाट्यांत ओतलं.

त्या डब्याला पंचवीस मिनिटं लागतात. ती पंचवीस मिनिटं साईहू बोलले. नऊ वर्षांत बोलले नव्हते तेवढे. खुनशानच्या वसतिगृहात आठ जण एका खोलीत आणि त्यातला एक झोपेत हिशोब ओरडायचा, ते सांगितलं. अर्धा मिलिमीटर कमी केल्याबद्दल मिळालेल्या माशात काटे किती होते, ते सांगितलं. सूझेनशी लग्न ठरलं तेव्हा ती यांच्यापेक्षा उंच दिसू नये म्हणून तिच्या आईने तिला सपाट चपला घालून पाठवलं आणि प्रत्यक्षात ती यांच्या खांद्यालाही लागत नव्हती, हे सांगून इतके हसले की सूप सांडलं. मला विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?" नऊ वर्षांनी विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही. ते म्हणाले, "हं. माझ्याही." पहिला दिवा लागला, दुसरा लागला, तिसरा. मला वाटलं, हा डबा असाच चालत राहावा. माझ्या आयुष्यात गेल्या वीस वर्षांत अशी दुपार आली नव्हती, हे मी आज लिहिताना लपवत नाही.

चौथा दिवा लागला. साईहू उठले, आपल्या बाजूला गेले, नवी पट्टी लॅपटॉपमध्ये बसवली आणि फुगलेल्या बॅटरीवाचून, नुसत्या चार्जरवर यंत्र चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली की आत काहीच सापडत नाही.

"नीट बसली नसेल," ते म्हणाले. काढली, फुंकर मारली, पुन्हा घातली. तीच ओळ. तिसऱ्यांदाही तीच.

मग त्यांनी जुनी पट्टी आपल्या कामाच्या संगणकाला जोडली. पडदा मी बघत होते. पट्टी दिसत होती आणि तिच्यात काही नव्हतं.

साईहू डब्यासमोर उभे राहिले. आधी आपल्या नेहमीच्या जागेवरून त्यांनी दोन्ही हात पुढे केले, उजवा इकडे, डावा तिकडे. मग सावकाश टेबलाला वळसा घातला, स्टुलावर बसले आणि तसेच दोन्ही हात पुढे केले. उजवा हात, जुनी पट्टी धरायचा तो, उजव्या खाचेवर, कोऱ्या पट्टीच्या खाचेवर गेला. मला यंत्रातलं फार कळत नाही, पण एवढं कळलं. कोऱ्या पट्टीची नक्कल सूझेनवर उतरली होती. आम्ही सूप पीत होतो तेव्हा.

"मीच तुम्हाला इकडे बसवलं," मी म्हटलं.

"डबा तुम्ही फिरवला नाहीत," साईहू म्हणाले. "हात माझा होता."

शिंचूला एक माणूस गेलेलं परत काढून देतो असं ऐकलं होतं. त्याच्याकडे पट्टी पाठवली. मी रोज विचारायचे, आलं का काही, आणि साईहू मान हलवायचे. तीन आठवड्यांनी पट्टी परत आली. सोबत चिठ्ठी होती की हिच्यावर पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत कोरं लिहिलं गेलं आहे, खाली काही शिल्लक नाही, पैसे नकोत. त्या माणसाने पैसे नाकारले याचंच मला जास्त रडू आलं.

मी रडले. साईहू रडले नाहीत. एकदाच बोलले. "पाहिलेले दोनशे सोळा मला पाठ आहेत. त्यांचं ठीक आहे. पण न पाहिलेल्यांचं काय करू, मालकीणबाई? तिने काय सांगितलं होतं तेच माहीत नाही. दुःख तरी कशाचं करायचं?"

मी घरी जाऊन आरशासमोर स्वतःला शिव्या दिल्या. सूप आणायचा शहाणपणा कोणी सांगितला होता? त्यांच्या जागेवर त्यांना बसू दिलं असतं तर डोळे मिटूनही पट्टी बरोबर खाचेत गेली असती. मला त्यांनी समोर बसून माझ्याशी बोलायला हवं होतं. ते मिळालं, पंचवीस मिनिटं.

गाळा ते रोज उघडतात. काम करतात. गिऱ्हाइकाला समोर बसवतात, पाठ म्हणतात, डब्याचं तोंड तिकडेच ठेवतात. लॅपटॉपमध्ये नवी पट्टी आहे, आठपट मोठी, यंत्र आता झटकन चालू होतं. पण दुपारी ते तो उघडत नाहीत. पत्र्यापलीकडे नुसता काड्यांचा आवाज येतो, आणि नऊ वर्षांच्या सवयीने माझे कान कोणाची तरी वाट बघत राहतात.

सातव्या महिन्याच्या पंधराव्या तिथीला मला राहवलं नाही. त्या दिवशी आम्ही गेलेल्यांसाठी पानं वाढतो. मी माझा जेवणाचा डबा घेऊन त्यांच्या गाळ्यात गेले आणि स्टुलावर बसले. त्यांनी समोरचे स्क्रू बाजूला सारून जागा केली. आम्ही दोघं जेवायला लागलो.

मग साईहू म्हणाले, "मालकीणबाई, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. आज काय झालं ते."

मी केस सारखे केले, या वयात. मी बोलायला लागले. सकाळी भाजीवालीने कोवळे रताळ्याचे पाले म्हणून जून पाले गळ्यात मारले. बसमध्ये एका पोराने मला जागा दिली आणि मला राग आला, कारण शेजारी उभ्या त्याच्या आईला दिली नव्हती. माझ्या न्हाणीघराचा नळ गेले दोन महिने गळतो आहे आणि मला एकटीला तो पाना फिरवता येत नाही. हे शेवटचं मी मुद्दाम सांगितलं. साईहूंच्या खणात सगळे पाने आहेत.

ते ऐकत होते. काड्या हातात, डोळे माझ्या चेहऱ्यावर, एकही शब्द निसटू न देता. माझं बोलून संपलं तरी ते तसेच बघत होते. मी थांबले, की आता काही म्हणतील, नळ कुठला आहे विचारतील, वायसर बदललात का विचारतील. ते वाट बघत राहिले, मी पुढे बोलावं म्हणून.

तेव्हा मला उमगलं. समोरच्याच्या बोलण्याला उत्तर लागतं हे हा माणूस विसरला होता. नऊ वर्षं ज्या बाईचं त्यांनी मन लावून ऐकलं, तिला काही विचारायची सोय नव्हती. माझ्यासमोर बसून ते तसंच ऐकत होते, आणि मी तिथे जिवंत बसले होते, नळ गळत असलेली बाई.

मी बोलत राहिले. आता रोज दुपारी जाते आणि बोलते. त्यांनी अजून एकदाही मला काही विचारलेलं नाही.